सेकंड बॉल आणि मंगळवारची संध्याकाळ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

स्कॉटलंडमधल्या लीग टूच्या, म्हणजे फुटबॉलच्या चौथ्या स्तरावरच्या, क्लबनं तुला वर्षभराचा अर्धवेळ करार देऊ केलाय, हे वाचून फार आनंद झाला. एसपीएफएल या स्कॉटलंडच्या व्यावसायिक लीगच्या 42 क्लबांतली ही तळाची पायरी आहे, तरी तिला कमी लेखू नकोस. 2012-13 मध्ये अँडी रॉबर्टसन, जो पुढे लिव्हरपूलपर्यंत पोचला, याच चौथ्या स्तरावर क्वीन्स पार्ककडून हौशी खेळाडू म्हणून खेळत होता. मात्र वर्षभरात त्याच्यासारखी झेप फार थोड्यांना जमते, म्हणून इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप सोडायची नाही.

या पातळीवर मिडफिल्डरची किंमत सेकंड बॉलवर, म्हणजे पहिल्या हेडरनंतर सुटलेला चेंडू कोण मिळवतो यावर, ठरते. गोलकीपरनं लांब किक मारली की सगळ्यांच्या माना वर जातात. तू चेंडू कुठं उतरणार एवढं हेरून घे आणि मग हेडरसाठी भिडणाऱ्या दोघांकडे बघ. मागे सरकत उडी मारणाऱ्याचं हेडर जवळच पडतं. पुढे धावत येऊन मारलेलं दहा-पंधरा मीटर जातं. त्यांच्यापासून आठेक मीटरवर, अंग अर्धं वळवून उभा राहा आणि चेंडू यायच्या आत दोनदा खांद्यावरून मागे बघून घे. नवी मुलं हमखास चुकतात ती इथं: थेट चेंडूखाली धावतात आणि तो त्यांच्या डोक्यावरून जातो. आर्ब्रोथच्या गेफील्डवर तर मैदानाला लागूनच समुद्र आहे. वारा तोंडावर असला की आपल्या गोलकीपरची किक हवेत थबकून अलीकडेच पडते, तेव्हा तीन-चार मीटर मागे सरक. वारा पाठीशी असला की चेंडू सगळ्यांना ओलांडून जातो. तेव्हा हेडरची वाट न बघता आधीच पुढे धाव घ्यायची.

बॅगेत बुटांच्या दोन जोड्या हव्यात. फोर्फर, अ‍ॅनन इथं कृत्रिम मैदान आहे, एल्गिन आणि स्ट्रॅनरारला गवत. जानेवारीतल्या चिखलात धातूचे स्टड लागतात, पण तेच कृत्रिम मैदानावर घातलेस तर पाय अडकून घोटा किंवा गुडघा पिरगळतो. तिथं आखूड, भरपूर स्टडचे एजी (कृत्रिम मैदानासाठीचे) बूट घाल.

प्रॅक्टिस बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, सामना शनिवारी तीनला. खरी ओढाताण हिवाळ्यात सुरू होते. मैदान गोठलं की सामना रद्द होतो आणि पुढे एखाद्या मंगळवारी रात्री लावतात. तो पीटरहेडला असला तर दुपारीच काम सोडून बस गाठावी लागते. तुझ्या वर्षाच्या 28 दिवसांच्या रजेतले पाच-सहा दिवस यासाठीच राखून ठेव, आणि साहेबांना हे ऑगस्टमध्येच सांग, आदल्या दिवशी नको. लीग कपचे गट सामने जुलैत असतात, त्यामुळे आजीला भेटायला पुण्याला जायचं तर मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच.

शनिवारी साडेअकराला जेव. वरण-भात उत्तम, तूप मात्र त्या दिवशी नको.

आता पैशांचं. पगार 52 आठवडे मिळणार की फक्त हंगामापुरता, हे लेखी घे. दुखापत झाली तर किती आठवडे मिळेल, सामन्यागणिक रक्कम बाकावर बसलास तरी मिळते का, हेही विचार. दुसऱ्या नोकरीला सहसा एसबीआर हा टॅक्स कोड लागतो, म्हणजे क्लबच्या पगारातल्या प्रत्येक पौंडावर 20 टक्के कापले जातात. अप्रेंटिसशिपचा वर्षाचा पगार 12,570 पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर हा कर जास्त जातोय. उरलेली करमुक्त मर्यादा क्लबच्या पगाराकडे वळवून मागता येते. ते कर खात्याला फोन करून होतं, फक्त मागावं लागतं. पीएफए स्कॉटलंड या खेळाडूंच्या संघटनेचा सभासद हो. करारातली भाषा तिथली माणसं समजावून देतात.

करार हातात आला की सही करण्याआधी तारखांचं आणि दुखापतीच्या कलमाचं पान मला पाठव.

तुझा,
काका