सोलापुरात रस्ता रुंदीकरणात जाणारी झाडं वाचवायची असतील, तर नेमकं काय करावं?

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापुरातल्या तुमच्या कॉलनीचा रस्ता रुंद होणार म्हणून कडुनिंबांच्या बुंध्यांवर कोणीतरी लाल आकडे टाकून गेलंय, नगरसेवक 'विकासाच्या आड येऊ नका' म्हणतात, आणि अशा वेळी सह्यांची मोहीम काढून उपयोग होतो का.

सह्यांचं नंतर बघू. आधी ते आकडे कोणी टाकले ते शोधा. लाल आकडा म्हणजे परवानगी नव्हे. कधी तो ठेकेदाराच्या माणसाने मोजणीसाठी टाकलेला असतो, कधी वृक्षगणनेचा असतो. पण आकडा पडला की लोक 'झालं, आता तोडणार' म्हणून हात टेकतात, आणि त्याचा फायदा कोणाला होतो ते सांगायला नको.

महापालिका हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. महापालिकेला स्वतःच्या रस्त्यासाठी झाड काढायचं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. बांधकाम खात्याला आणि महावितरणलाही तेच. (हद्दीबाहेर शेतातल्या झाडांना १९६४ चा वेगळा कायदा आहे, तिथे वनखातं येतं. तुमचा रस्ता हद्दीच्या कडेला असेल तर आधी हे तपासा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो.) अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि प्रत्येक झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची. त्यानंतर हरकतींसाठी सात दिवस. मंजुरी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही.

बहुतेक लढाया हरतात त्या या सात दिवसांत. जाहिरात आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत बारीक अक्षरात येते. त्यात 'अमुक चौक ते तमुक चौक, कडुनिंब १८, गुलमोहर ४' एवढंच असतं. झाडावरचा कागद पहिल्या वाऱ्याला जातो, किंवा लागतच नाही. म्हणून कॉलनीतल्या दोघांनी रोज दोन स्थानिक पेपरांतल्या जाहीर नोटिसा चाळायच्या आणि एकाने दर दोन दिवसांनी झाडांचे फोटो काढायचे, तारीख-वेळ आणि ठिकाण उमटेल असे. नोटीस असेल तर तिचा फोटो, नसेल तर पूर्ण बुंध्याचा. नोटीस लागलीच नव्हती हे पुढे सिद्ध करायला या मोकळ्या बुंध्यांच्या फोटोंएवढा दुसरा पुरावा नाही.

हरकतीत भावना लिहू नका. 'आमच्या आजोबांनी लावलेलं झाड' हे वाचून अधिकारी मान डोलावतो आणि खाली 'हरकत अमान्य' असा शेरा मारतो. एका झाडाला एक ओळ द्या: आकडा, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने मोजलेला घेर सेंटिमीटरमध्ये, डांबराच्या कडेपासूनचं अंतर, झाड हिरवं की वाळलेलं. पन्नास वर्षांवरचं वाटत असेल तर तसं ठळक लिहा, कारण २०२१ च्या दुरुस्तीने असं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं. त्याच दुरुस्तीत तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद आली. त्यामुळे अर्जात झाडाचं वय कमी दाखवण्याचा मोह होतो. तुमचा घेराचा आकडा तिथे कामाला येतो. हरकत महापालिकेच्या टपाल विभागात हातोहात द्या, पोच घ्या, एक प्रत आयुक्तांच्या कार्यालयात द्या. आयुक्त हेच वृक्ष प्राधिकरणाचे, म्हणजे तोडीला मंजुरी देणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष असतात. म्हणजे अर्जदार महापालिका आणि मंजुरी देणारीही महापालिका. म्हणून तोंडी आश्वासनावर घरी परतू नये.

आता खरा मुद्दा, म्हणजे नकाशा. रस्त्याचा आडवा छेद मागा, म्हणजे रुंदीत डांबर कुठे, गटार कुठे, फुटपाथ कुठे हे दाखवणारं चित्र. झोन कार्यालयातल्या अभियंत्याकडे तो असतो. नाही दिला तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात मंजूर आराखडा, अंदाजपत्रक, वृक्षतोडीचा अर्ज आणि स्थळपाहणीचा अहवाल असे चार कागद नावानिशी मागा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की काहीच मिळत नाही. उत्तराला तीस दिवस लागतात आणि हरकतीची मुदत सात दिवसांची, म्हणून हा अर्ज नोटीस येण्याआधीच, आकडे पडल्या-पडल्या टाकायचा.

छेद हातात आला की गणित करा. समजा रस्ता बारा मीटरचा आहे. दोन्ही दिशांच्या वाहनांना मिळून सात मीटर डांबर पुरतं. उरले पाच, म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच. झाडं जवळजवळ नेहमी या अडीच मीटरांत असतात. वाहनांच्या वाटेत नसलेली ही झाडं जातात ती गटारासाठी, केबलच्या चरासाठी, पेव्हर ब्लॉकसाठी. गटार दीड-दोन फूट आत-बाहेर सरकवता येतं, झाडापाशी वळसा देता येतो, दोन झाडांमधल्या जागेत पार्किंग बसवता येतं. बावीस झाडांच्या यादीतली खरोखर अडथळा ठरणारी तीन-चारच निघतात, असं अनेकदा होतं. तेवढी सोडून द्यायची तयारी ठेवा. 'एकही झाड तुटता कामा नये' म्हणणाऱ्यांना बैठकीतून बाजूला काढणं फार सोपं असतं.

झाड वाचलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कडुनिंबाची अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. जेसीबीने बुंध्यापासून हातभर अंतरावर चर मारला की त्या बाजूची मुळं साफ. झाड उभं दिसतं, पानंही असतात, आणि मे महिन्यात वळवाच्या पहिल्या वावटळीत ते नेमकं चराच्या उलट्या बाजूला आडवं होतं. मग पेपरात 'वाऱ्याने झाड कोसळले'. म्हणून कामाच्या अटींत लिहून घ्या: बुंध्यापासून एक मीटरच्या आत मशीन नाही, खोदाई हाताने, आणि काँक्रीट किंवा ब्लॉक बुंध्याला भिडवायचे नाहीत. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबाबत एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता. पत्रात त्याचा उल्लेख करा, अभियंते तो ओळखतात.

झाड घालवायची दुसरी युक्ती आणखी शांत असते. दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून बुंध्याशी रोज कचरा जाळायचा, किंवा बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल गोल काढायची. काही महिन्यांत झाड वाळतं. वाळलेल्या, धोकादायक झाडाला परवानगी नाकारायला अधिकाऱ्याला फारशी जागा उरत नाही, अर्ज अगदी नियमात बसतो. काळा पडलेला बुंधा किंवा सालीचा पट्टा दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा. कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं आणि इजा करणंही येतं.

'पुनर्रोपण करू' हे आश्वासन मिळेलच. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी चिवट, नीट काढली तर जगतात. मोठा कडुनिंब आणि चिंच सहसा नाही. नीट काढणं म्हणजे बुंध्याच्या जाडीच्या आठ-दहा पट व्यासाचा मातीचा गड्डा, त्याआधी काही आठवडे टप्प्याटप्प्याने मुळं छाटणं, आणि नंतर निदान एक पूर्ण उन्हाळा नियमित पाणी. एप्रिलमध्ये, पारा चव्वेचाळीसकडे निघालेला असताना, क्रेनने उपटून मुरमाच्या खड्ड्यात उभं केलेलं झाड म्हणजे सरपण. भरपाईच्या रोपांचंही तसंच. या शहरात वर्षानुवर्षं घरच्या नळालाच चार-पाच दिवसांआड पाणी. तिथे रोपाला कोणता टँकर, कोणाच्या बिलावर, किती दिवसांनी येणार, हे मंजुरीच्या अटींत नसेल तर लावलेल्या रोपांचा आकडा फक्त फोटोपुरता. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा, मुरूम काढून माती-शेणखत भरलेला, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी, एवढं तरी मागा.

हद्दवाढ भागात आणखी एक गोष्ट पाहा. १९९२ च्या हद्दवाढीनंतर आजूबाजूची शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. अशा गुंठेवारीत बागेची जागा मुळात सुटलेलीच नाही. रीतसर मंजूर लेआउटमध्ये, ४,००० चौरस मीटरच्या वर, दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमच्या लेआउटचा नकाशा नगररचना विभागातून काढा आणि ती जागा आज कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असेल आणि दहा वर्षांत जागा घेतली नसेल, तर मालक नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम १२७ ची खरेदी सूचना देतो, म्हणजे 'जागा घ्या, नाहीतर सोडा' अशी नोटीस. त्यानंतर चोवीस महिन्यांत महापालिकेने भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण संपतं. यात कुणी करवत लावत नाही, आवाजही होत नाही. रस्त्यावरच्या अठरा झाडांसाठी दोनशे लोक जमतात, आणि एकराची बाग ज्या सूचनेने जाते ती आवक-जावक रजिस्टरात कोणी पाहत नाही. प्रभागातल्या आरक्षणांबाबत अशी सूचना आली आहे का, हे वर्षातून एकदा माहिती अधिकारात विचारा.

तोड सुरू होते ती बहुधा शनिवारी-रविवारी, कारण कचेऱ्या बंद असतात. तिथे जाऊन कामगारांशी भांडू नका, ते रोजंदारीवर आलेले असतात. मुकादमाकडे मंजुरीची प्रत मागा: क्रमांक, तारीख, झाडांची यादी. तारखेपासून पंधरा दिवस झाले का मोजा. प्रत नसेल तर ११२ ला फोन, वृक्ष अधिकाऱ्याला संदेश, वाहनाचा नंबर, फोटो आणि पंचनाम्याची लेखी मागणी. या कायद्यात दंडासोबत कैदेचीही तरतूद आहे, हे पोलिसांना बऱ्याचदा सांगावं लागतं.

नगरसेवकांचं म्हणाल तर त्यांना विरोधक करू नका. त्यांना रस्ता दाखवायचा असतो, तुम्हाला सावली. त्यांच्याकडे ऑनलाइन चारशे सह्या नेल्या तर ते हसतात, कारण त्यातले साडेतीनशे पुण्यात राहतात. त्याच रस्त्यावरची चाळीस घरं, मतदार यादीतल्या नावांनी, आणि निदान पाच दुकानदार घेऊन जा. दुकानदाराला पार्किंग हवं असतं, ते तुमच्या नकाशात काढून दाखवा. झाडांचा विषय काढण्याआधी गटार सरकवलेला छेद टेबलावर ठेवा, म्हणजे 'रस्ता होणार आणि झाडंही राहणार' असं भाषण त्यांना करता येतं. श्रेय त्यांना घेऊ द्या.

कोर्टाचा रस्ता शेवटचा. हरित लवादाचं पीठ पुण्यात आहे, पण ज्या कायद्यांखालची प्रकरणं लवाद ऐकतो त्यांच्या यादीत राज्याचा हा वृक्ष कायदा नाही, त्यामुळे नुसत्या झाडतोडीवर अर्ज टिकणं अवघड जातं. उच्च न्यायालयासाठी मात्र आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे सोलापूर जिल्हाही आहे. पण तिथेही वकील पहिल्या भेटीत तीन कागद मागतील: हरकतीची पोच, मंजुरीची प्रत आणि नोटीस नसलेल्या बुंध्यांचे तारखेचे फोटो.