डबा उघडतो दहाला

शाळा सुरू झाल्या आणि डब्याविषयीची पत्रं वाढली. सूर बहुतेकांचा एकच: घरी आवडीनं खाणारं मूल शाळेतून डबा तसाच परत आणतं. आमच्या मते दोष दर वेळी चवीचा नसतो. पदार्थ साडेसहाला तव्यावरून उतरतो आणि मूल तो दहाला, गार झालेला, पंधरा-वीस मिनिटांच्या सुट्टीत खातं. तेव्हा आधी एक करा. तसल्याच डब्यात तोच पदार्थ थोडा भरून घरी ठेवा आणि दहाला तसाच, गरम न करता, खाऊन बघा. दोन-तीन दिवसांत काय बदलायचं ते कळेल.

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. घरी ज्वारीची भाकरी चापून खाते, डब्यातली मात्र चामड्यासारखी झाली म्हणून परत आणते. ज्वारी सुटू नये असं वाटतं. काय करावं? (होटगी रोड)

तिची तक्रार खरी आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसतो. भाकरी मऊ राहते ती पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुलल्यामुळे, आणि गार होताना तोच स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ असलं तरी तीन तासांत हे होणारच. पीठ जुनं असेल तर त्याची विरी (चिकटपणा) गेलेली असते, मग भाकरी थापतानाच चिरते. डब्यासाठी पंधरा दिवसांपेक्षा जुनं पीठ घेऊ नका.

डब्याला भाकरीपेक्षा धपाटं बरं. 2 वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी हरभरा डाळीचं पीठ, पाव वाटी दही, 2 चमचे तेल, 1 चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, हळद आणि मुलीला सोसेल तेवढंच तिखट. यात एक वाटी बारीक चिरलेली मेथी. मेथी आणि मीठ सगळ्यात शेवटी घाला. आधी घातलं तर मेथीला पाणी सुटतं, पीठ सैल होतं, मग आपण वरून पीठ वाढवतो आणि धपाटं कोरडं पडतं. कोमट पाण्यानं भिजवा, थापताना कडा चिरणार नाहीत इतपत मऊ. एवढ्यात तळहाताएवढी सात-आठ होतात. मोठं एक देण्यापेक्षा लहान दोन द्या, हातात धरून खाता येतात.

ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटानं एक भोक पाडा, तिथून तेल सोडलं की मधला भागही शिजतो. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात, आतून कच्चं राहतं. अगदी मंद आचेवर पाणी उडून जातं आणि दहापर्यंत वाळतं. हरभरा पीठ वाढवलं की चव येते, पण गार झाल्यावर धपाटं टणक लागतं, म्हणून पाव वाटीच. सोलापुरात धपाट्याबरोबर दही हवंच असतं, ते वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत, चक्क्याइतकं दाट द्या.

भाकरीच हवी असेल तर उकड काढा: 1 वाटी पाणी, चमचाभर तेल आणि मीठ उकळून त्यात 1 वाटी पीठ, झाकून पाच मिनिटं, मग मळून लाटा. नेहमीच्या भाकरीपेक्षा बरीच मऊ राहते. कडक भाकरी हाही मार्ग आहे. ती मुळातच कडक, त्यामुळे बिघडायचं काही नाही. पण लहान दातांना दही किंवा दाट आमटी लागते.

प्रश्न: पोळ्या डब्यात ओल्या होतात आणि भाजीचं तेल दप्तरात उतरतं. (जुळे सोलापूर)

गरम पोळीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि तेच पोळीवर पडतं. पोळ्या जाळीवर पाच-सात मिनिटं सुट्या ठेवा, एकावर एक नको, मग तूप लावून स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नाला लागते. भाजीचं तेल उतरतं ते बहुधा झाकणाची रबरी कड सैल झाल्यामुळे. कड आठवड्यातून एकदा काढून खाचेतलं धुवा, सैल झाली असेल तर बदला. आणि डब्याला भाजी रसाची नको. झुणक्याच्या वड्या, परतलेली गवार, दाट गरगट्टा (डाळ घालून घोटलेली पालेभाजी) चालेल.

प्रश्न: मार्चपासून सकाळची शाळा. मटकीची उसळ आणि दहीभात, दोन्हीला वास येतो असं मुलगा म्हणतो. (विडी घरकुल)

आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. इतक्या उष्म्यात शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं की बिघडायला लागतं. उन्हाळ्यात मटकी रात्रभर बांधून ठेवली तर फडक्यातच आंबते. मोड दिसताच फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पूर्ण शिजवा आणि कोरडी परता. ओलं खोबरं आणि कच्चा कांदा घालू नका, आधी तेच बिघडतात. डब्यात कच्चे मोड तर अजिबात नकोत.

दहीभाताला रात्रीचा भात कधीच वापरू नका. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजकण शिजवूनही मरत नाहीत; भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी गरम केल्यानं जात नाही. सकाळीच एक वाटी मऊ भात करा, घोटा, कोमट झाला की अर्धी वाटी उकळून कोमट केलेलं दूध आणि एकच चमचा ताजं दही घाला. सगळं दहीच घातलं तर तीन तासांत आंबून जातं. डब्याला चिकटून गोठवलेली पाण्याची छोटी बाटली ठेवा. बाटली पाऊणच भरा, बर्फ फुगतो. एवढं जमत नसेल त्या दिवशी दहीभात टाळा आणि दशमी द्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून थोडा गूळ घातलेली दशमी अशा दिवसांत जास्त भरवशाची.

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाला रोज शेंगाचटणी आणि पोळीच हवी. एवढ्यानं भागतं का? (दत्त चौक)

जे देताय ते वाईट नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दोन मोठे चमचे चटणीत चार-पाच ग्रॅम मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 23 ग्रॅम लागतात. पण गहू आणि शेंगदाणा, दोन्हीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी. ते डाळीत, दह्यात, अंड्यात असतं. त्याला न कळता करता येईल ते हे: 2 वाट्या कणकेत अर्धी वाटी घट्ट शिजवलेलं तुरीचं वरण घाला, पाणी अगदी शेवटी आणि थेंब थेंब. पोळी मऊही राहते. पोळीतलं लोह अंगी लागावं म्हणून सोबत लिंबाची फोड किंवा पेरू द्या.

चटणीचे दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळे, बुरशीचा वास येणारे काढून टाका. बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. मंद आचेवर भाजा, मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर लगदा होतो. उखळात कुटलेलीची सर येत नाही, हेही खरं. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते शिक्षकांना एकदा विचारा.

प्रश्न: बाकीच्यांच्या डब्यात वेफर्स असतात, आमचा भाजी बघून रुसतो. (अक्कलकोट)

जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020चा नियम आहे. डब्यातून काय जातं, ते मात्र घरानंच ठरवायचं. पूर्ण बंदी घातली तर तो दुसऱ्याच्या डब्यातून खातो. आठवड्यातला एक दिवस त्याच्या पसंतीचा ठेवा. बाकीच्या दिवशी छोट्या डबीत भाजक्या कुरमुऱ्यांचा चिवडा किंवा डाळिंबाचे दाणे द्या. सांगोल्याच्या बाजूचं डाळिंब इथं सहज मिळतं, आणि दाणे सफरचंदासारखे काळे पडत नाहीत. सफरचंदच द्यायचं तर फोडी पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून पाच मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून पुसून भरा.