मुंबईहून एका दिवसात, आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन, जंगलातून वर जाता येईल आणि वरून समुद्र दिसेल अशी सोपी टेकडी कोकणात कुठली?

तुमच्या प्रश्नात अटी चार आहेत: साठी ओलांडलेले आई-बाबा, सहा वर्षांची मुलगी, झाडीतली वाट आणि वर पोचल्यावर समुद्र दिसला पाहिजे. रात्रीपर्यंत घरी परत यायचं, ही पाचवी. तर सरळ कनकेश्वरला जा. माझं आजोळ त्या डोंगराच्या अंगाला आहे, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कनकेश्वर म्हणजे अलिबागपासून बारा-तेरा किलोमीटरवर, रेवसच्या दिशेला, मापगावाच्या डोक्यावरचा डोंगर. वर महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि पायथ्यापासून देवळापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. गेटवेहून मांडव्याची बोट पकडा. बोटीच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस असते, तिने कनकेश्वर फाट्याला उतरा आणि तिथून रिक्षाने पायथ्याशी. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाडीसकट नेणारी बोट, आहे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, पण पावसाळ्यात तुम्ही जाऊच नका. का ते पुढे सांगतो.

आता 'सोपी' या शब्दाबद्दल. पायऱ्या सातशेच्या वर आहेत. नेमक्या किती, यावर आमच्या घरात एकमत नाही. मोजणारा प्रत्येक जण वेगळा आकडा घेऊन खाली येतो. घाबरू नका. या जिन्यासारख्या अरुंद, उभ्या पायऱ्या नाहीत. रुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी एका पायरीवर दोन-तीन पावलं टाकून मगच पुढची येते. राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४ साली त्या बांधून घेतल्या. देवाला जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही चढता याव्यात असाच त्यांचा घाट आहे. माझी आजी सत्तरीपर्यंत श्रावणातल्या सोमवारी अनवाणी चढायची, आणि आम्ही मागे धापा टाकत.

आई-बाबांबरोबर वर जायला सव्वा ते दीड तास धरा. पण मला जास्त काळजी उतरण्याची वाटते. चढताना छाती भरते, ते बसलं की शमतं. उतरताना गुडघ्यांवर येतं आणि ते रात्री कळतं. बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर हातात काठी हवीच, आणि सपाट तळव्याच्या चपला नकोत. शेकडो वर्षांच्या पावलांनी काही दगड इतके गुळगुळीत झालेत की कोरड्या दिवसातही पाय सटकतो.

वाटेत टप्पे आहेत, आणि या चढणीची खरी मजा त्या टप्प्यांतच आहे. नागोबाचा टप्पा येतो, तिथे बसा. मग देवाची पायरी. महादेवाचं पाऊल इथे लागलं अशी श्रद्धा असल्यामुळे ती इतर पायऱ्यांसारखी तुडवत नाहीत. हळद-कुंकू, दोन-चार जास्वंदी, कुणीतरी ठेवलेलं एक रुपयाचं नाणं; चढणारा माणूस वाकतो, हाताने पायरीला शिवतो, तोच हात कपाळाला लावतो आणि बाजूने पुढे जातो. तुमच्या मुलीला हे नक्की आवडेल. लहान मुलांना न तुडवायच्या गोष्टी फार लवकर समजतात. पुढे गायमुख आहे, तिथल्या पाण्याने तोंड धुवा. प्यायचं पाणी मात्र आपलं आपण न्या, माणशी लिटरभर तरी.

झाडी दाट आहे, निम्मी वाट सावलीतून जाते. ऐन, किंजळ, जांभूळ, खाली करवंदाच्या जाळ्या. फेब्रुवारी-मार्चात गेलात तर अंजनी फुललेली बघा. ही फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, काडीला चिकटून येतात. मोहरीएवढ्या कळ्या आणि जांभळट निळी फुलं, इतकी गच्च की काडी दिसेनाशी होते. दुरून वाटतं कुणीतरी झाडावर नीळ शिंपडलीय. एप्रिल-मेमध्ये करवंदं मिळतात, पण तेव्हाचं ऊन बघता सकाळी सातच्या आत पहिली पायरी चढायला लागाल तरच. मी एकदा पुण्याच्या पाहुण्यांना मे महिन्यात अकरा वाजता घेऊन गेलो होतो. त्यानंतर ते आमच्याकडे दिवाळीलाच आले.

माकडांचं एक सांगायचं राहिलं. हातात प्लास्टिकची पिशवी धरू नका. आमच्या मावशीने नैवेद्याच्या पेढ्यांची पिशवी हातात धरली होती. माकड आलं, शांतपणे पिशवीचा तळ फाडला, पेढे घेतले आणि बंध तिच्या हातातच ठेवून गेलं. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. मुलीला बिस्किटाचा पुडा वाटेत देऊ नका.

आता दिसण्याबद्दल, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. देवळाशी पोचल्यावर लोक विचारतात, समुद्र कुठाय? देऊळ झाडांत आहे. समोर मोठी दगडी पुष्करणी आहे, गारवा आहे, पण समुद्र तिथून दिसत नाही. त्यासाठी झाडीतून बाहेर डोंगराच्या कडेला यावं लागतं. पायऱ्यांच्या वाटेवरही झाडं विरळ होतात तिथे मागे वळून बघत चला. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरांचे चौकोन आणि त्यापलीकडे पाणी. पाण्यात जवळजवळ उभे असलेले दोन ठिपके दिसतील, ती खांदेरी आणि उंदेरी बेटं. आई-बाबांना इतिहासाची आवड असेल तर इथेच बसवा आणि सांगा: १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, मुंबईच्या इंग्रजांनी ती थांबवायला गलबतं पाठवली, आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. पुस्तकात हे वाचताना मला कधी नीट कळलं नव्हतं. वरून बघितल्यावर कळलं की दोन्ही बेटं एकमेकांच्या अंगणात आहेत आणि मुंबईकडे जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेत येणार. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला मुंबईच्या इमारतींची राखाडी रेघही दिसते. तुम्ही सकाळी जिथून निघालात तेच हे, असं मुलीला दाखवा.

हवा स्वच्छ कधी असते, तर पाऊस नुकता सरल्यावर. दसरा ते डिसेंबर या दिवसांत जा. पावसात डोंगर हिरवागार असतो खरा, पण ढग पायऱ्यांवर उतरलेला असतो, समोरचं झाड दिसलं तरी पुष्कळ, आणि दगडांवर शेवाळ. धडधाकट पोरांनी जावं, तुमच्या मंडळींना नको. उन्हाळ्यात समुद्रावर वाफेचा पडदा असतो, खांदेरी शोधावी लागते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा; देवदर्शनाला उत्तम, निवांत चालायला नाही.

वर देवळाजवळ चहा, लिंबू सरबत मिळतं. गेल्या गेल्या सांगून ठेवलंत तर साधं जेवणही होतं, आमच्या वेळेला पिठलं-भाकरी आणि ताक होतं. देवळात आत जरा वेळ बसा. कनकासुर नावाच्या दैत्याची गोष्ट तिथे कुणीही सांगेल.

आईला सगळं चढवलं नाही तर नागोबाच्या टप्प्यापर्यंत या आणि एकाने तिच्यासोबत थांबा. तिथेही झाडं आहेत, पाखरं आहेत, बसायला दगड आहे. माझ्या आईने मागच्या खेपेला हेच केलं. आम्ही वरून परत आलो तेव्हा ती एका अनोळखी बाईकडून वालाच्या बिरड्याची कृती लिहून घेत होती. आम्हाला म्हणाली, एवढ्यात आलात?

उतरून पायथ्याला दुपारी एकपर्यंत पोचलात तर मांडव्याची परतीची बोट आरामात मिळते. रविवारी संध्याकाळच्या बोटींना रांग लागते, म्हणून जमलं तर शनिवारच धरा.