लाल टॅटूची खाज आणि इतर प्रश्न

प्रश्न : मनगटावर गुलाबाचा टॅटू काढून पाच महिने झाले. काळी पानं व्यवस्थित आहेत. लाल पाकळ्या मात्र फुगल्या आहेत आणि उन्हात गेलं की खाज सुटते. लेसरने काढून टाकू का?

उत्तर : लेसरची घाई अजिबात करू नका. त्रास फक्त लाल भागात आहे, म्हणजे बहुधा रंगाचीच ॲलर्जी. टॅटूच्या रंगांत सर्वात जास्त ॲलर्जी लाल रंगाची होते. पूर्वी त्यात पाऱ्याचं संयुग असे, आता बहुतेक शायांत ॲझो गटातले (कृत्रिम) रंग असतात. सुईने हे कण एक-दोन मिलिमीटर खोल जातात. तिथल्या पेशी ते गिळून बसतात आणि काही कण काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंतही पोचतात. रंग तिथेच राहतो, म्हणून ॲलर्जी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही डोकं वर काढते. लेसरने कण फुटतात, रंग शरीरात पसरतो आणि अंगभर गांधी उठू शकतात. क्वचित श्वासालाही त्रास होतो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सहसा स्टेरॉइडचं मलम देतात, जाड भागात ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. शंका असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून करतात ती ॲलर्जीची चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून ॲलर्जी नाही असं समजू नका, या प्रकारात ती बऱ्याचदा चकवते. पुढच्या टॅटूत लालच नव्हे, तर गुलाबी, नारिंगी आणि जांभळाही टाळा.

प्रश्न : राखाडी छटेसाठी आर्टिस्ट काळ्या शाईत डिस्टिल्ड वॉटर घालतो. चालतं का?

उत्तर : नाही. डिस्टिल्ड पाण्यातले क्षार निघालेले असतात, पण ते निर्जंतुक असेलच असं नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये अशा पाण्याने बनवलेल्या तयार राखाडी शाईतून १९ जणांना मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झाला. न उघडलेल्या बाटलीतही हा जंतू सापडला. म्हणजे हातमोजे आणि नवी सुई असूनही धोका उरतो. इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याची सीलबंद कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा. शाई छोट्या टोपणात घेऊन उरलेली फेकली पाहिजे, पुन्हा बाटलीत ओतू नये. राखाडी भागात एक ते तीन आठवड्यांनी लाल पुटकुळ्या आल्या, तर डॉक्टरांना टॅटूचं आवर्जून सांगा. साध्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) हा जंतू निसटतो, वेगळी तपासणी करावी लागते आणि औषध काही महिने चालतं.

प्रश्न : टॅटूनंतर रक्तदान कधी करावं?

उत्तर : भारतात १२ महिन्यांनी. कावीळ बी आणि सी सुईवाटे पसरतात, म्हणून हा नियम आहे. बी ची लस मिळते. ती घेतली नसेल, तर टॅटूच्या आधीच घेऊन टाका.