ठिगळ शाबूत, कडेला मात्र फाटलं

प्रश्न : मुलाची जीन्स मांडीच्या आतल्या बाजूला फाटली होती. दुसऱ्या जीन्सचं ठिगळ वरून लावून चारही कडांना दोनदा शिलाई मारली. महिन्याभरात ठिगळाला लागूनच पुन्हा फाटलं. मशीन साधी, पायाची आहे.

उत्तर : ठिगळ भोकाएवढंच कापलं की असं होतं. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं. त्यावर जाड ठिगळाची कडक कड बसली आणि दोनदा शिवल्यामुळे सुईची भोकं एका रांगेत पडली. चालताना ताण त्या रांगेवरच आला.

पँट उजेडासमोर धरा. जिथून उजेड दिसतो तो सगळा भाग खडूने आखा आणि ठिगळ त्याच्या चहूबाजूंनी अडीच-तीन सेंटीमीटर बाहेर जाईल एवढं घ्या. कापड जीन्सपेक्षा पातळ हवं. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती पँट उत्तम. कोरं कापड असेल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून चुण्या पडतात. कोपरे गोल कापा, कड दुमडू नका. ठिगळ आतून ठेवून कच्चे टाके घाला.

आता विरलेला भाग जवळून बघा. निळे धागे झिजून आडवे पांढरे तेवढे उरलेले दिसतील. निळा म्हणजे उभा धागा, आणि गेलाय तोच. म्हणून शिलाईच्या ओळी उभ्याच मारा : विरलेल्या भागात तीन-तीन मिलिमीटरवर, कडेकडे सहावर. टाका अडीच मिलिमीटरचा. फार बारीक टाका कापड कापतो. सगळ्या ओळी एकाच रेषेत न संपवता एक थोडी अलीकडे, एक थोडी पलीकडे संपवा, म्हणजे पुन्हा एक रांग तयार होणार नाही. सुई 16 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. आसनाच्या चार शिवणी मिळतात त्या गाठीवर ठिगळ चढवू नका. दोन्ही मांड्या विरल्या असतील तर दोन वेगळी ठिगळं लावा.

प्रश्न : जाड शिवणीवर आलं की सुई मोडते, नाहीतर टाके सुटतात.

उत्तर : शिवणीवर चढताना मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, मागे कलतो. कापड पुढे सरकत नाही, म्हणून आपण ते ओढतो. सुई वाकते आणि पत्र्यावर आपटते. पायाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, पाय सपाट बसेल. ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घाला. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल, तर बॉबिनला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून, पाय उचलून पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही.

प्रश्न : कुर्त्याचा साइड कट वरच्या टोकाला सारखा उसवतो.

उत्तर : आतून तीन सेंटीमीटरचा सुती चौकोन लावा आणि कटाच्या टोकावर आडवी, एक सेंटीमीटरची शिलाई दोनदाच मारा. त्यावर हाताने काजाचे टाके घाला.