कुशिंग दिसला म्हणजे हॅमर नव्हे

प्रश्न : नात आणि मी रविवारी जुने ब्रिटिश भयपट बघतो. पीटर कुशिंग किंवा ख्रिस्तोफर ली दिसला की मी ‘हा हॅमर कंपनीचा’ म्हणून मोकळा होतो. नात म्हणते, सगळे हॅमरचे नसतात. खरं कोणाचं? आणि ओळखायचं कसं?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नातीचं खरं आहे. हे दोघे नट सगळीकडे कामं करत, म्हणून घोटाळा होतो. नटांकडे नको, भिंतींकडे बघा.

हॅमरचं बिऱ्हाड 1951पासून विंडसरजवळ, थेम्सकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या वाड्यात होतं. जागा तोकडी, पैसा बेताचा. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तोच जिना, तेच खांब हलवून-रंगवून नवी वास्तू उभी करायचा. 1966 साली आलेले ‘ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस’ आणि ‘रास्पुतिन, द मॅड मंक’ लागोपाठ बघा, एकाच सेटवर एकापाठोपाठ चित्रित झालेत. ड्रॅक्युलाचा किल्ला थोड्या फेरफाराने रशिया होतो! आपल्याकडे प्रभातमध्ये फत्तेलालांच्या हाताखाली घडलेले सेट ज्यांनी डोळे भरून पाहिलेत, त्यांना रॉबिन्सनचं मोल वेगळं सांगायला नको. माझ्या मते हॅमरचा खरा नायक तोच.

टेरेन्स फिशरने हॅमरसाठी दिग्दर्शित केलेला 1958चा ‘ड्रॅक्युला’ शेवटासाठी बघाच. कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो, पडदा खाली येतो आणि ऊन आत शिरतं. मग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून तो क्रूस करतो. ट्रिक फारशी नाही, सगळी गंमत कुशिंगच्या चपळाईची. जेम्स बर्नार्डचं संगीत ‘ड्रॅ-क्यु-ला’ ही तीन अक्षरंच वाजवतं, तेही कान देऊन ऐका.

एकाच चित्रपटात चार-पाच छोट्या गोष्टी आणि अंगावर आजकालचे कपडे असले, तर तो बहुधा अ‍ॅमिकसचा. मिल्टन सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांची ही कंपनी, 1965च्या ‘डॉ. टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’पासून त्यांनी हा साचा धरला. कुशिंग आणि ली त्यातही आहेत, तुमची गफलत इथलीच असणार.

तिसरी कंपनी टायगन. तिच्या ‘विचफाइंडर जनरल’मध्ये (1968) भुतं नाहीत, माणसांचं क्रौर्य आहे, तेही भर उन्हात, इंग्लंडच्या खऱ्या शेतांत. दिग्दर्शक मायकल रीव्हज पुढच्याच वर्षी, पंचविशीत गेला. मला हा चित्रपट हॅमरच्या निम्म्या चित्रपटांपेक्षा थोर वाटतो, पण नात लहान असेल तर तो इतक्यात लावू नका. त्याऐवजी डेबोरा कारचा ‘द इनोसंट्स’ (1961) लावा. कृष्णधवल, रक्ताचा थेंब नाही, आणि या तिघांपैकी कोणाचाही नाही. छायाचित्रण फ्रेडी फ्रान्सिसचं. पुढे ज्याने अ‍ॅमिकसचा तो 1965चा चित्रपट दिग्दर्शित केला, तोच हा. खोलीतले दिवे मात्र मालवून बसा, कडेचा अंधार त्याशिवाय नीट दिसत नाही.