फायरवॉलच्या लॉगमधून आयपी आणि पोर्ट काढायला एकच मोठा रेजेक्स कसा लिहायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लिनक्सचा फायरवॉल आहे, त्याच्या लॉगमधून (म्हणजे पॅकेटांच्या नोंदींमधून) पाठवणाऱ्याचा आयपी आणि पोर्ट काढायचेत, आणि नेटवरून उचललेला लांबलचक रेजेक्स (मजकुरात हवा तो तुकडा शोधणारा सांकेतिक पॅटर्न) काही ओळींवर चालतो, काहींवर गप्प बसतो आणि काहींवर भलतंच काढून देतो.

तो रेजेक्स आधी टाकून द्या. शिरोली आणि उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांची नेटवर्कं सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि असले हातभर रेजेक्स मी बरेच बघितलेत. सगळ्यांचं दुखणं एकच. ओळीत काय कुठल्या क्रमाने येणार हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. लॉग तसा वागत नाही. आयसीएमपीच्या (पिंग, ‘पोहोचलं नाही’ असले निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या) ओळीत पोर्ट नसतोच, मग पोर्ट मागणारा रेजेक्स ती अख्खी ओळ सोडून देणार.

एक ओळ घेऊ. इथे नावं देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाइलीत ती इंग्रजी कॅपिटलमध्ये दिसतील. एसआरसी म्हणजे पाठवणाऱ्याचा आयपी, एसपीटी म्हणजे त्याचा पोर्ट; डीएसटी आणि डीपीटी हे ज्याला पाठवलं त्याचे:

इन=ईथ० आउट= मॅक=… एसआरसी=२०३.०.११३.४५ डीएसटी=१९२.१६८.१.१० लेन=६० … प्रोटो=टीसीपी एसपीटी=५१५१४ डीपीटी=२२

आयपी काढायला बहुतेक जण चार आकडे आणि तीन टिंबं यांचं वर्णन लिहायला बसतात. त्याची गरज नाही. मूल्य कसं दिसतं ते लिहू नका, ते कुठे संपतं ते लिहा. या लॉगमध्ये मूल्य स्पेसला संपतं, म्हणून:

 एसआरसी=([^ ]*)

संपलं. कंसात ‘स्पेस सोडून काहीही’ एवढंच सांगितलंय. पोर्टसाठी एसआरसीच्या जागी एसपीटी लिहा. उद्या आयपीच्या जागी आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता आला तरी हेच चालतं, चार आकड्यांचा रेजेक्स मात्र तिथे आडवा होतो. आयपी खरा आहे की नाही हे तपासायचं काम रेजेक्सकडे देऊच नका. पायथनमध्ये त्यासाठी आयपीअॅड्रेस नावाचं मॉड्यूल आहे, ते ९९९.९९९.१.१ बरोबर नाकारतं.

आता त्या छोट्या पॅटर्नमधल्या दोन गोष्टी नीट बघा.

पहिली, सुरुवातीची स्पेस. काही सेटिंगमध्ये याच लॉगात मॅकएसआरसी= असंही फील्ड येतं. स्पेस दिली नाही तर ‘एसआरसी=’ त्याच्या पोटातच सापडतं आणि आयपीच्या जागी मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) हातात येतो. ब्रिज (दोन नेटवर्क पोर्ट एकत्र जोडलेले) असेल तर इन= आणि फिजइन= चं हेच होतं.

दुसरी, अधिक (+, निदान एक अक्षर हवंच) ऐवजी स्टार (*, एकही नसलं तरी चालेल). वरच्या ओळीत आउट= रिकामं आहे, कारण पॅकेट खुद्द फायरवॉलसाठीच आलं होतं. तिथे अधिकचं चिन्ह लावलं तर जुळतच नाही. आणि कुणी =(.+?) आणि पुढे स्पेस असं लिहिलं असेल तर आणखी गंमत: निदान एक अक्षर हवंच म्हणून तो समोरची स्पेस गिळतो, आणि आउटचं मूल्य म्हणून पुढचं अख्खं मॅक फील्ड देतो. तुमचं ‘भलतंच’ बहुधा इथूनच येतंय.

सगळीच फील्डं हवी असतील तर ([^ =]+)=([^ ]*) हा पॅटर्न ओळभर फिरवा आणि जोड्या पायथनच्या डिक्शनरीत (नाव-मूल्य यादीत) भरा. डीएफ, एसवायएन असल्या खुणांना बरोबरचं चिन्ह नसतं, त्या यात येणार नाहीत, वेगळ्या शोधाव्या लागतील. मात्र डिक्शनरीत त्याच नावाचं नंतर आलेलं मूल्य आधीच्यावर बसतं. यूडीपीच्या ओळीत लेन= दोनदा येतं, ते एक वेळ चालून जाईल. आयसीएमपीची ‘पोहोचलं नाही’ छापाची ओळ मात्र लई बेकार. तिच्यात चौकटी कंसात मूळ पॅकेट पुन्हा छापलेलं असतं, त्याचं स्वतःचं एसआरसी= आणि डीएसटी= धरून. ते मूळ पॅकेट बहुतेक वेळा आपल्याच मशीनने पाठवलेलं असतं. ही यादी थेट ब्लॉकलिस्टला जोडली तर आपलाच सर्व्हर ब्लॉक होतो. म्हणून आधी इन= पासून पुढचा भाग घ्या, मग पहिल्या [ पाशी कापा, आणि मगच जोड्या काढा. क्रम उलटा करू नका, कारण कर्नल ओळीच्या सुरुवातीलाही वेळ [ ] मध्येच छापतो.

काही ओळी सुटण्याचं आणखी एक कारण तारीख असू शकतं. सिसलॉग म्हणजे लॉग लिहायची-पाठवायची ठरलेली पद्धत; तिच्या जुन्या रूपात (आरएफसी ३१६४ हा इंटरनेटचा मानक दस्तऐवज, २००१) वर्ष नसतंच, आणि १ ते ९ तारखेला आकड्याआधी एक जादा स्पेस येते. महिना आणि तारखेच्या मध्ये एकच स्पेस धरली असेल तर दर महिन्याचे पहिले नऊ दिवस कोरडे जातात. पावसाळ्यात लाईट गेली-आली की बिनबॅटरीचे छोटे राउटर नेटवरून वेळ मिळेपर्यंत १ जानेवारी छापतात, तेही लक्षात ठेवा. जमेल तिथे आरएफसी ५४२४ ची पद्धत चालू करा, तिच्यात वर्ष आणि टाइमझोन दोन्ही असतात.

डॉट-स्टारचा (.*, म्हणजे ‘काहीही, कितीही’) सोस तेवढा सोडा. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरने (वेबसाइटींना संरक्षण देणारी कंपनी) वेब फायरवॉलमध्ये एक नवा नियम टाकला आणि जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे सीपीयू १०० टक्क्यांवर जाऊन बसले, साधारण २७ मिनिटं. त्यातला नडलेला तुकडा होता .*(?:.*=.*) एवढाच. एकापाठोपाठ डॉट-स्टार आले आणि ओळ जुळली नाही की इंजिन ती ओळ जितक्या प्रकारे तोडता येईल तितक्या प्रकारे तोडून बघत बसतं.

जाता जाता एक: पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी (\d, म्हणजे कुठलाही आकडा) हा ० ते ९ देवनागरी आकड्यांनाही जुळतो. लॉगमध्ये ते सहसा येत नाहीत, पण त्याच स्क्रिप्टने मराठी एक्सेलमधून काढलेली फाइल वाचणार असाल तर री.आस्की (re.ASCII) फ्लॅग लावा, मग फक्त इंग्रजी आकडे जुळतील.

आणि न जुळलेली ओळ फेकू नका, वेगळ्या फाइलीत टाका आणि आठवड्यातून एकदा ती फाइल उघडून बघा. त्यातलं काही उलगडलं नाही तर आयपी बदलून ती ओळ इथे टाका, बघू.